बोर्डावर मावशीचं नाव

माझ्या मावशीला कारखान्यात सगळे 'भोंगा' म्हणायचे. पाठीमागे नाही, तोंडावर. तिलाही त्याचा राग नव्हता, कारण आवाजच तसा होता तिचा. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून तिने मला "येताना कांदे आण गं" म्हटलं, तर पलीकडच्या गल्लीतल्या दोघीतिघी पिशव्या घेऊन निघतील, असं काका म्हणायचे. काका म्हणजे तिचे यजमान. पावाची गाडी चालवायचे. दिवसभर दुकानादुकानांत पाव टाकून घरी आले की हातपाय धुऊन खिडकीत बसायचे आणि जेवायला हाक येईपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. देवाने दोघांच्या वाट्याचं बोलणं एकीलाच देऊन टाकलंय, असं माझी आई म्हणायची.

आई दवाखान्यात पाळीवर काम करायची. त्यामुळे शाळा सुटली की मी थेट मावशीकडे. तिला मूलबाळ नव्हतं, म्हणजे मीच होते. पुढे मी नोकरीला लागले तरी सवय गेली नाही. कामावरून सुटले की आधी मावशीचं दार, मग माझं.

तिचा कारखाना गाद्या आणि खुर्च्यांच्या उशा बनवायचा. एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक हॉल होता. पुढच्या टोकाला जिना आणि जिन्याला लागून मॅनेजरची काचेची केबिन. मग शिलाई मशीनच्या रांगा, तिथे मावशी. त्याच्या पुढे फोमला कापड चिकटवायची टेबलं. तिथल्या सोल्यूशनचा वास मावशीच्या केसांत इतका मुरला होता की डोळे मिटूनही ती घरात आल्याचं कळायचं. आणि अगदी मागच्या टोकाला कटिंगचं मोठं टेबल. त्यावर मास्तर काम करायचे. उंच, किडकिडीत, कानावर कायम पेन्सिल. सगळ्या कारखान्यात मावशीची थट्टा न करणारा हा एकच माणूस. मास्तरांच्या टेबलामागे लोखंडी दार होतं आणि दारामागे दुसरा जिना.

एक दिवस बातमी आली की मोठ्या गिऱ्हाईकाची माणसं कारखाना बघायला येणार आहेत. आगीपासून बचावाची व्यवस्था नसेल तर माल घेणार नाहीत म्हणे. मग काय, एकच धावपळ. भिंतींवर लाल नळकांडी टांगली गेली. हिरवे बाण चिकटवले गेले. छताला धूर ओळखणारी घंटा बसली. जिन्याशेजारी एक मोठा बोर्ड लागला, 'आग लागल्यास काय करावे', आणि त्याच्या तळाशी 'आपत्कालीन प्रमुख', पुढे कोरी जागा.

मधल्या सुट्टीत मॅनेजर हॉलमध्ये आला. "इथे कुणाचं नाव लिहू?"

सगळ्यांनी खाली बघितलं. कुणी डबा पुसायला लागलं, कुणी सुईत दोरा ओवायला लागलं. तेवढ्यात चिकटवण्याच्या टेबलावरची एक बाई म्हणाली, "भोंग्याचं लिहा की! आग लागली तर घंटेची वीजही वाचेल."

हॉल हसला. मॅनेजरही हसला आणि त्याने खिशातलं मार्कर काढून मावशीचं नाव लिहिलं. एवढ्यावर ती प्रमुख झाली. तुला चालेल का, असंही कुणी विचारलं नाही. पण खरं सांगायचं तर तिला चाललं होतं. इतकी वर्षं मशीनवर बसून तिचं नाव कुठेच लागलं नव्हतं. संध्याकाळी ती नारिंगी जाकीट घालूनच घरी आली आणि ते न काढता भाकऱ्या थापायला बसली.

काकांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं. "रस्ता खणायला निघालीस का?"

"हसा," मावशी म्हणाली. "उद्या आग लागली तर तुम्हालाही मीच बाहेर काढणार आहे."

तिला शिकायला पाठवलं. शिकवणारा निवृत्त झालेला आगीच्या बंबावरचा माणूस होता. वेगवेगळ्या कामांच्या ठिकाणांहून एकेक माणूस आलं होतं. त्या दिवशी मावशी जेवताना जेवलीच नाही, नुसती बोलत होती. तो माणूस काय म्हणाला, कसा म्हणाला. म्हणाला, बाहेर पडायच्या दाराला आतून कुलूप नसावं, कधीच नसावं. लहान मुलानेही ढकललं तर उघडलं पाहिजे. वाटेत सामान नको, एक खोकंसुद्धा नको. बाहेर पडायला दोन वाटा हव्यात, कारण आग नेहमी पहिल्या वाटेवरच बसते. सगळ्यांनी कुठे जमायचं हे आधी ठरलेलं हवं, तिथे माणसं मोजायची. वरचेवर सराव करायचा. आणि हे सगळं बघणं मालकाचं काम आहे, तुम्ही त्याचे हातपाय फक्त.

"आणि शेवटी काय म्हणाला माहितेय?" मावशीने बोट वर केलं. "एकदा बाहेर आलं की परत आत जायचं नाही. सोनं राहू दे, माणूस राहू दे. आत राहिलेल्याला आणायला बंबवाले आहेत. तुम्ही गेलात तर त्यांना दोघांना शोधावं लागतं."

काका ताटावरून म्हणाले, "माणूस राहिलं तर कसं नाही जायचं?"

"तेच मी विचारलं. तर म्हणाला, बाई, हेच सगळ्यात अवघड आहे."

दुसऱ्या दिवशी मावशीच्या घरातच सराव झाला. दाराआड ठेवलेलं कपाट तिने काकांकडून हलवून घेतलं. मला अंधारात भिंत चाचपत दारापर्यंत जायला लावलं आणि मी स्टुलावर आपटले तर स्टुलाला शिव्या घातल्या. आम्ही हसलो. हसण्यासारखंच होतं ते.

कारखान्यात मात्र हसण्यासारखं नव्हतं. मागच्या लोखंडी दाराला कुलूप होतं. कधीतरी त्या जिन्यावरून उशांच्या खोळी चोरीला गेल्या होत्या, तेव्हापासूनचं. किल्ली मॅनेजरच्या ड्रॉवरमध्ये. आणि दारासमोर फोमच्या गुंडाळ्या, माणसाएवढ्या उंच, एकावर एक.

मावशी आधी गोदामवाल्याकडे गेली. तो गुंडाळ्यांवरच बसून डबा खात होता.

"हे इथून हलवायला पाहिजे."

"हलवतो की. कुठे ठेवू? तुमच्या डोक्यावर?"

"खाली जागा नाही?"

"खाली मालकांची गाडी असते."

मग मॅनेजर. तो वाईट माणूस नव्हता, हे मावशीने नंतरही नेहमी सांगितलं. त्याला नाही म्हणता यायचं नाही, एवढाच त्याचा दोष. "हो बाई, बरोबर आहे तुमचं. बघतो. या आठवड्यात माल जाऊ दे, मग बघतो." माल गेला. दुसरा आला. तो जाऊ दे. मावशी म्हणायची, त्याचं 'बघतो' म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. ओतणारा दमतो, घडा कोरडाच.

शेवटी ती मालकाकडे गेली. मालकाने तिला खुर्ची दिली. पाणी मागवलं. गुडघे कसे आहेत, विचारलं. "तुमच्यासारखी जीव लावणारी माणसं आहेत म्हणून हा कारखाना उभा आहे, ताई," म्हणाला. ती बाहेर आली तेव्हा तिला इतकं बरं वाटत होतं की दाराबद्दल नक्की काय ठरलं, हे तिला अर्ध्या जिन्यात आल्यावर आठवलं. काहीच ठरलं नव्हतं.

गिऱ्हाईकाची माणसं येणार त्या सकाळी मात्र जादू झाली. गुंडाळ्या गायब. कुलूप गायब. दार इतकं सहज उघडत होतं की मावशीने ते उगाचच दोनतीनदा ढकलून बघितलं. पाहुण्यांनी तिच्या जाकिटाचं कौतुक केलं. ते गेले आणि दुसऱ्या दिवशी गुंडाळ्या परत आल्या, कुलूपही आलं. जणू तेही पाहुणेच होते, कालच्यापुरते बाहेर गेलेले.

मग छताची घंटा. फोमची धूळ उडाली की ती आपली वाजायची. दिवसातून कधीही. सगळे दचकायचे, हात थांबायचे, मशीनखाली शिलाई वाकडी जायची. मॅनेजरने तिची वायर काढून ठेवली. "साफ करून घेतो आणि परत जोडतो," म्हणाला.

मावशी सरावासाठी मागे लागली तर तिच्या मैत्रिणीच कंटाळल्या. नगावर मजुरी होती, उठलं की नुकसान. ज्या बाईने तिचं नाव सुचवलं होतं तीच एकदा म्हणाली, "तू काय आमची मालकीण झालीस का गं? जाकीट घातलं म्हणजे माणूस मोठं होतं का?"

त्या दिवशी मावशी घरी आली आणि जाकीट तिने घडी घालून कपाटात ठेवलं. "मास्तर म्हणतात, बोलत राहा बाई, कधीतरी ऐकतील," ती म्हणाली. "पण मी आता किती बोलू? मला तर वाटायला लागलंय की माझा आवाज एवढा मोठा आहे की त्यात काय म्हणते ते ऐकूच येत नाही कुणाला."

आग लागली ती भर दुपारी, जेवणं होऊन सगळे परत बसले तेव्हा. चिकटवण्याच्या टेबलाजवळ एक जुना पंखा होता. त्याच्या वायरीतून ठिणगी उडाली म्हणतात. सोल्यूशनचा डबा उघडा होता. मावशीला आधी फक्त मागे एक 'भप्' असा आवाज ऐकू आला, कुणीतरी मोठी चादर झटकावी तसा. तिने मान वळवली तेव्हा फोमने पेट घेतला होता.

फोम जळतो तेव्हा ज्वाळेपेक्षा धूर वाईट. काळा, जड, छतावरून पसरत खाली उतरणारा. घंटा वाजली नाही. वाजणार कशी? मावशी उभी राहिली आणि ओरडली. तिची एक सोबतीण नंतर मला सांगत होती: "आम्ही काही बघितलंच नाही गं. फक्त तिचा आवाज. उठा, सोडा, जिना! उठा, सोडा, जिना! त्याच्यामागे गेलो." लाल नळकांडं एकीने उचललं, पण पिन कुठली काढायची ते तिला कुणी दाखवलं नव्हतं, तिने ते तसंच टाकलं आणि पळाली. मावशी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली. दंडाला धरून एकेकीला पुढे ढकलत राहिली. धूर छातीत गेला, आवाज फुटेना, तेव्हा कुणीतरी तिलाच ओढत खाली नेलं.

समोरच्या फुटपाथवर जमायचं ठरलं होतं. निदान मावशीने ठरवलं होतं. ती प्रत्येकीला हात लावून मशीनच्या रांगेप्रमाणे आठवत गेली. खिडकीकडची, तिच्या शेजारची, नवी आलेली, चष्मेवाली. शिलाईच्या सगळ्या होत्या. चिकटवण्याच्या टेबलांवरच्या काहीजणी होत्या. मागच्या टोकाचं कुणीच नव्हतं. त्यांच्या आणि जिन्याच्या मधे आग होती.

मॅनेजर फुटपाथवर बसला होता, पाय पसरून, लहान मुलासारखा. मावशी त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली.

"किल्ली. साहेब, मागच्या दाराची किल्ली."

त्याने शर्टाचा खिसा चाचपला. मग पँटचे. मग पुन्हा शर्टाचा.

"ड्रॉवरमध्ये," तो म्हणाला. "ड्रॉवरमध्ये राहिली हो." आणि रडायला लागला.

मावशी उठली आणि इमारतीला वळसा घालून मागच्या बोळात धावली. गुडघे दुखणारी बाई ती, पण त्या दिवशी गुडघे कुठे होते तिला आठवत नाही. वर मागच्या खिडकीची काच फुटलेली होती. मास्तरांनी कापड मोजायच्या लोखंडी पट्टीने ती फोडली होती. दारासमोरच्या त्याच गुंडाळ्या ते खिडकीतून खाली टाकत होते. एक पडली, दुसरी पडली. मावशीने आणि बोळातल्या दोघाचौघांनी त्या ओढून एकावर एक रचल्या. मग वरून माणसं उड्या मारायला लागली. जिने मावशीला 'मालकीण झालीस का' म्हटलं होतं ती बाई सगळ्यात आधी उतरली. तिचा पाय मोडला, पण जिवंत होती. मग दुसरी. मग गोदामवाला. मास्तर खिडकीत उभे राहून एकेकाला काठावर चढवत होते, पाठीवर हात ठेवून काहीतरी सांगत होते आणि सोडत होते.

"मास्तर, आता तुम्ही!" मावशी खालून ओरडली. तोपर्यंत आवाज थोडा परत आला होता. "मास्तर! सोडा आता! उडी मारा!"

त्यांनी खाली बघितलं. तिच्याकडेच बघितलं, हे ती शपथेवर सांगते. मग ते आत वळले. कशाला वळले, हे आजवर कुणालाच कळलेलं नाही. आत कुणी राहिलं नव्हतं. कुणाचा आवाज आला असं वाटलं असेल, की धुराने दिशाच कळली नसेल. खिडकीत ते होते आणि मग फक्त धूर होता.

मावशी परत पुढच्या जिन्याकडे धावली. तोवर बंब आला होता. एका जवानाने तिला कमरेतून धरलं. ती त्याच्या हातांवर बुक्क्या मारत राहिली.

"आत माणूस आहे!"

"कळलं. कुठे?"

"मागच्या टोकाला. मास्तर आहेत. खिडकीत होते आत्ता. मला सोड!"

"नाही सोडणार," तो म्हणाला, अगदी हळू, आणि त्याने तिला दुसऱ्याच्या हातात दिलं. तिला माहीत होतं तो का सोडणार नाही. हे तिनेच घरी जेवताना बोट वर करून सांगितलं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि तिथे उभं राहणं वेगळं. फुटपाथवर उभी राहून ती बघत राहिली. दुसरं काहीही करायला नव्हतं. तिला पाणी दिलं, ते तिने हातात धरून ठेवलं.

मास्तरांना बाहेर आणलं तेव्हा त्यांच्या अंगावर भाजल्याची खूण नव्हती. झोपल्यासारखे दिसत होते. बाकी सगळे वाचले.

मी धावत पोहोचले तेव्हा मावशी त्याच जागेवर होती. मला बघून म्हणाली, "एकजण कमी आहे गं. बाकी सगळे आहेत. एकच कमी आहे." घरी नेईपर्यंत ती हेच म्हणत होती.

लोकांना वाटतं अशा प्रसंगानंतर माणूस गप्प होतं. मावशी गप्प झाली नाही. ती काकांवर ओरडायची, दूध उतू गेलं म्हणून भांड्यावर ओरडायची, शेजारणीच्या पोरांवर ओरडायची. आणि मधेच, कपडे वाळत घालता घालता, हात वर तसाच ठेवून उभी राहायची. काका मग न बोलता जाऊन तिच्या हातातला कपडा घ्यायचे आणि दोरीवर टाकायचे.

चौकशीला बोलावणं आलं. मी तिच्याबरोबर गेले. मोठी खोली, लांब टेबल, एका टोकाला अधिकारी. भिंतीकडच्या बाकावर मालक, त्याचा वकील, मॅनेजर. मालकाने मावशीला बघून नमस्कार केला. सवयीने तिनेही केला.

वकील उठला. त्याने बोर्डाचा फोटो दाखवला. कडेने काळवंडलेला, पण नाव स्वच्छ वाचता येत होतं.

"हे तुमचं नाव?"

"हो."

"आपत्कालीन प्रमुख तुम्हीच?"

"बोर्डावर तसं आहे."

"तुम्हाला प्रशिक्षण दिलं होतं? वाट मोकळी हवी हे तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं म्हणून तर सांगत होते."

"कुणाला सांगितलंत?"

"यांना. त्यांना. सगळ्यांना."

"लेखी?"

मावशी माझ्याकडे वळून बघायला लागली, जणू मला माहीत असावं. "लेखी कशाला? रोज समोर बसतात."

गोदामवाल्याला विचारलं. त्याच्या हाताला अजून पट्टी होती. तो मावशीकडे न बघता म्हणाला, "आठवत नाही साहेब. बाई खूप बोलायच्या. काय काय बोलायच्या ते लक्षात नाही." शिलाईच्या दोघी आल्या होत्या, त्या गप्प बसल्या. मालक दुसरीकडे काम सुरू करणार, जुन्यांना आधी घेणार, असं कानावर आलं होतं सगळ्यांच्या. मी त्यांच्यावर रागावले होते. मावशी नाही रागावली. "त्यांनाही घरं आहेत," म्हणाली.

मॅनेजर उठला तेव्हा मला वाटलं हा तरी बोलेल. तो म्हणाला, "बाई सांगायच्या. मी बघतो म्हणायचो." एवढंच. वकिलाने त्याला खाली बसवलं.

अधिकारी शांत माणूस होता. त्याने निकालात जे लिहिलं ते मी नंतर मावशीला वाचून दाखवलं. कामगाराचं नाव बोर्डावर लिहिलं म्हणजे मालकाची जबाबदारी त्याच्याकडे जात नाही. दार उघडं ठेवणं, वाट मोकळी ठेवणं, घंटा चालू ठेवणं, सराव घेणं, हे मालकाचं काम होतं आणि ते झालं नाही. मावशीवर कसलाही ठपका नाही.

"म्हणजे मी सुटले?"

"हो मावशी."

"कशातून?"

मी कागदाची घडी घातली. मालकाला दंड झाला, थोडी शिक्षाही झाली आणि त्या शिक्षेविरुद्ध त्याने अपील केलं. आग विझल्यावर विहीर खणतात तसे शहरभर कारखान्यांच्या मागच्या दारांचे फोटो निघाले. मग तेही थांबलं. महिन्या-दोन महिन्यांत मालकाच्या मेहुण्याच्या नावाने गाद्यांचा नवा कारखाना उघडला. शिलाईच्या बहुतेकजणी तिकडे गेल्या. मावशीला कुणी बोलावलं नाही आणि ती गेलीही नसती. ती आता दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी घड्या करते. आईने लावून दिलं.

मास्तरांच्या बायकोला आम्ही ओळखत नव्हतो. एक दिवस ती दारात आली. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई, हातात छत्री. मावशीने तिला आत घेतलं, आणि नेहमी घरभर ऐकू येणारी मावशी त्या दिवशी इतकं हळू बोलली की मला स्वयंपाकघरातून काही कळेना. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ती बाई म्हणत होती, "मला तिथे एकदा जायचंय. त्यांची जागा बघायचीय. इतकी वर्षं कामाला जायचे, मी कधी बघितलंच नाही कुठे उभे राहतात ते. एकटीला जाववत नाही."

मावशीने काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली.

इमारत सील होती. विचारायला गेलो तर पुढच्या महिन्यात या म्हणाले. पुढच्या महिन्यात गेलो तर ज्या साहेबांच्या हातात होतं ते रजेवर. मग एकदा सांगितलं, सील काढलं की कळवू. कळवलं कुणीच नाही. शेवटी मास्तरांची बायको स्वतःच एक दिवस तिकडून गेली आणि खालचं फाटक उघडं दिसलं म्हणून धावत आमच्याकडे आली. आम्ही तिघी गेलो.

वर हॉल रिकामा होता. पूर्ण रिकामा. मशीन नाही, टेबल नाही, केबिनची काच नाही. भिंती खरवडून काढल्या होत्या आणि अर्ध्या भिंतींना पांढरा रंग झाला होता. खिडक्यांना नव्या काचा. धुराचा वास शोधला तरी नव्हता, नुसता रंगाचा. जागा भाड्याने द्यायची होती म्हणे.

मास्तरांची बायको हॉलच्या मधोमध उभी राहिली. "कुठे?"

मावशी पुढे गेली. थांबली. दोन पावलं मागे आली. मशीनच्या रांगा असत्या तर तिने डोळे झाकून दाखवलं असतं. आता कुठे काय होतं ते तिला कळेना. मागचं दार भिंतीएवढंच पांढरं झालं होतं. ती खिडकीकडे गेली, मग पुन्हा इकडे वळली.

"इथे," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही, थोडं इकडे असेल. इथे असावं, ताई. मला नक्की नाही सांगता येत."

मास्तरांची बायको त्या जागेवर जाऊन उभी राहिली. छत्री तिने दोन्ही हातांत धरली होती. मग तिने विचारलं, "शेवटी आत का गेले ते?"

"माहीत नाही हो," मावशी म्हणाली. "मी खाली होते. मी नुसतं बघत होते."

ती बाई मान हलवत राहिली. रडली नाही. मावशी तिच्याजवळ जाऊन उभी राहिली, पण तिने हात लावला नाही, आणि मी दोघींच्या मागे.

रंगारी शिडी घेऊन आला. त्याने आम्हाला बघितलं, जरा वाट बघितली. मग अवघडून म्हणाला, "बाई, जरा बाजूला होता का? एवढी भिंत राहिलीय."

आम्ही बाजूला झालो.